नेटवर्कवरून वेळ जुळवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर किंवा ऑफिसातले संगणक सांभाळणारे लोक वेळेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बहुतेक लिनक्सची आहेत. विंडोजसाठी स्वतंत्र प्रश्न आहे. या सगळ्या उत्तरांमागे माझा एकच आग्रह आहे. घड्याळ बरोबर आहे का, एवढं विचारून थांबू नका. ते जास्तीत जास्त किती चुकलेलं असू शकतं, हा आकडा तुम्हाला सांगता आला पाहिजे.

संगणकात घड्याळ असतंच. मग वेळ नेटवर्कवरून कशाला घ्यायची?

संगणकात खरं तर दोन घड्याळं असतात. एक मदरबोर्डवरचं, बटनसेलवर चालणारं. मशीन बंद असतानाही ते चालू राहतं. त्यात सेकंदाला ३२,७६८ कंपनं करणारा क्वार्ट्झचा छोटा स्फटिक असतो. दुसरं घड्याळ ऑपरेटिंग सिस्टिमचं. मशीन सुरू होताना ते पहिल्या घड्याळावरून वेळ उचलतं आणि पुढे प्रोसेसरच्या मोजणीवर स्वतंत्र चालतं. तुमचे प्रोग्राम आणि लॉग या दुसऱ्या घड्याळाचीच वेळ वापरतात.

दोन्ही घड्याळं स्फटिकावर चालतात आणि स्फटिकाची गती तापमानानुसार, वयानुसार बदलते. साध्या स्फटिकात दहा लाखांत २० भागांची चूक अगदी सामान्य आहे. ती दिवसाला साधारण १.७ सेकंद आणि महिन्याला जवळपास ५२ सेकंद भरते. शिवाय प्रत्येक मशीन आपापल्या दिशेने सरकतं. एक पुढे जातं, शेजारचं मागे पडतं, आणि त्यांच्यातला फरक दोघांच्या चुकांची बेरीज होऊन बसतो. म्हणून वेळ एकदा लावून भागत नाही, ती सतत जुळवत राहावी लागते. नेटवर्कवरून हे काम करणारा प्रोटोकॉल म्हणजे एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल).

चार-पाच सेकंद इकडेतिकडे झाले तर बिघडतं काय?

ते मशीन काय काम करतं यावर अवलंबून आहे. केर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या पद्धतीने लॉगिन होणाऱ्या नेटवर्कमध्ये ठरावीक मर्यादा ५ मिनिटांची असते. घड्याळ त्यापेक्षा जास्त चुकलं की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं आणि माणूस तासभर पासवर्ड बदलत बसतो. मोबाइलवरच्या अॅपमधून येणारे सहा आकडी कोड साधारणपणे ३० सेकंदांच्या खिडकीवर चालतात. घड्याळ फारच मागे असेल तर सुरक्षा प्रमाणपत्रं ‘अजून वैध झालेली नाहीत’ असं ब्राउझर सांगतो, आणि बराच पुढे असेल तर मुदत संपल्याचं सांगतो.

जिथे अनेक मशीन मिळून एक काम करतात तिथे सेकंदसुद्धा खूप मोठा असतो. सेफ या साठवणुकीच्या प्रणालीत ‘मॉनिटर’ नावाच्या देखरेख करणाऱ्या मशीनच्या घड्याळांमध्ये ०.०५ सेकंदांहून जास्त फरक पडला की मूळ सेटिंगनुसारच इशारा येतो. कसांड्रासारख्या डेटाबेसमध्ये एकाच नोंदीच्या दोन आवृत्त्यांपैकी ज्या आवृत्तीवरचा वेळेचा शिक्का नंतरचा, ती टिकते. तिथे एका मशीनचं घड्याळ दोन सेकंद पुढे असेल, तर दुसऱ्या मशीनवर नंतर लिहिलेली खरी माहिती गुपचूप हरते. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रकाराची वाटते.

एनटीपी दूरच्या सर्व्हरची वेळ इतकी अचूक कशी काढतं? पॅकेट यायला लागणारा वेळ मध्ये येत नाही का?

येतो, आणि तो मोजून वजा करणं हेच एनटीपीचं मुख्य काम आहे. डेलावेर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी हा प्रोटोकॉल उभा केला. त्याचं पहिलं तपशीलवार वर्णन १९८५ मध्ये आलं आणि आज वापरात असलेली चौथी आवृत्ती २०१० मध्ये प्रमाणित झाली. मिल्स २०२४ च्या जानेवारीत गेले. त्यांनी मांडलेलं गणित आजही जवळपास तसंच चालतं.

एका देवाणघेवाणीत चार वेळा नोंदल्या जातात. आकड्यांतच बघू. तुमच्या मशीनने आपल्या घड्याळानुसार बरोबर १० वाजता, म्हणजे ० मिलिसेकंदाला विनंती पाठवली. सर्व्हरला ती त्याच्या घड्याळानुसार २७० मिलिसेकंदाला मिळाली. त्याने २७१ ला उत्तर पाठवलं. ते तुमच्याकडे, पुन्हा तुमच्या घड्याळानुसार, ४१ मिलिसेकंदाला पोचलं.

आता एकूण प्रवास किती? तुमच्या बाजूने ४१ मिलिसेकंद गेले, त्यातला १ सर्व्हरने स्वतःकडे घेतला, म्हणजे येण्याजाण्यात ४०. आणि फरक किती? जाताना दिसलेला फरक २७०, येताना दिसलेला २७१ वजा ४१ म्हणजे २३०. दोन्हींची सरासरी २५०. तुमचं घड्याळ २५० मिलिसेकंद मागे आहे.

या हिशोबात एक गृहीतक लपलेलं आहे: जायला जितका वेळ लागला तितकाच यायला लागला. समजा प्रत्यक्षात जाताना ३० आणि येताना १० मिलिसेकंद लागले असतील, तर खरा फरक २४० निघतो आणि आपण १० मिलिसेकंदांनी चुकलो. ही चूक एनटीपीला आतून दिसूच शकत नाही. मात्र ती एकूण प्रवासाच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे इथे २० मिलिसेकंदांपेक्षा, जास्त असू शकत नाही. जवळचा, कमी विलंबाचा सर्व्हर निवडा असं सांगतात ते याचसाठी. तिथे चुकायलाच कमी जागा उरते.

स्ट्रॅटम म्हणजे दर्जा का?

नाही, अंतर. अणुघड्याळ किंवा जीपीएस रिसीव्हर हा स्ट्रॅटम ०. त्याला थेट जोडलेला सर्व्हर १, त्याच्याकडून वेळ घेणारा २, असं १५ पर्यंत. १६ म्हणजे वेळ जुळलेली नाही. खराब जोडणीवरच्या स्ट्रॅटम १ पेक्षा शेजारच्या रॅकमधला स्ट्रॅटम ३ बऱ्याचदा चांगला ठरतो, त्यामुळे ‘मला स्ट्रॅटम १ च हवा’ हा हट्ट धरू नका. सार्वजनिक स्ट्रॅटम १ सर्व्हरवर घराघरातून भार टाकणं तसंही चुकीचंच आहे.

किती सर्व्हर लिहायचे? एक चांगला पुरे नाही का?

किमान चार लिहा. एकच असेल तर तो सांगेल ते खरं मानावं लागतं. दोन असतील आणि त्यांच्यात मतभेद झाला, तर कोण चुकलं हे ठरवता येत नाही. म्हणून दोन ही संख्या मला सगळ्यात नकोशी वाटते. तीन असतील तर एक चुकलेला ओळखता येतो. चौथा अशासाठी, की एखादा बंद पडला तरी तीन उरावेत.

नावाजलेला सर्व्हर चुकणारच नाही असं कुणी म्हणालं तर १९ नोव्हेंबर २०१२ आठवा. त्या दिवशी अमेरिकी नौदल वेधशाळेच्या टाइम सर्व्हरांनी काही काळ चालू वर्षाऐवजी २००० साल सांगितलं. केवळ त्यांच्यावर विसंबलेल्या अनेक ठिकाणची घड्याळं बारा वर्षं मागे गेली आणि लॉगिनच्या यंत्रणा कोलमडल्या. ज्यांनी इतर ठिकाणचे स्रोतही लिहिले होते, त्यांच्या मशीननी त्या उत्तरांकडे दुर्लक्ष केलं. म्हणून चारही सर्व्हर एकाच संस्थेचे घेऊ नका.

एनटीपी पूल काय आहे? तो वापरावा का?

जगभरातल्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या हजारो टाइम सर्व्हरांचा हा समूह २००३ पासून चालू आहे. तुम्ही पूलचं नाव लिहिता आणि प्रत्येक वेळी त्यातले काही पत्ते मिळतात. साध्या वापराला तो उत्तम आहे. पण तुम्ही एखादं उपकरण किंवा सॉफ्टवेअर विकत असाल, तर पूलकडून आपलं वेगळं नाव मागून घ्या. २००३ मध्येच एका राउटर कंपनीने विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरचा पत्ता आपल्या उपकरणांत कायमचा कोरून टाकला होता, आणि त्या विद्यापीठाला सेकंदाला लाखो पॅकेटांचा मारा सोसावा लागला. विकलेली उपकरणं परत बोलावून पत्ता बदलता येत नाही.

लिनक्सवर कोणता प्रोग्राम वापरू?

सर्व्हरवर क्रोनी. तो लवकर जुळतो, नेटवर्क मध्येमध्ये तुटत असेल तरी सांभाळून घेतो आणि व्हर्च्युअल मशीनमध्येही नीट वागतो. रेड हॅट लिनक्सच्या आठव्या आवृत्तीपासून एनटीपीडी हा जुना प्रोग्राम काढून टाकला आहे आणि क्रोनीच उरला आहे.

सिस्टिमडी-टाइमसिंकडी हा त्याहून साधा पर्याय. तो एका वेळी एकाच सर्व्हरचं ऐकतो आणि चार स्रोतांची तुलना करत नाही. घरच्या लॅपटॉपला चालेल, डेटाबेस सर्व्हरला मी ठेवणार नाही. काहीही निवडा, पण एका मशीनवर एकच ठेवा. दोन प्रोग्राम एकाच घड्याळाला दोन बाजूंनी ओढू लागले की दोघांचेही आकडे निरर्थक होतात. नवीन मशीन हातात आलं की आधी चालू सेवांची यादी बघा.

क्रोनीच्या फाइलमध्ये किमान काय असावं?

चार सर्व्हरांच्या ओळी, प्रत्येकीपुढे ‘आयबर्स्ट’. त्यामुळे सुरुवातीच्या काही विनंत्या दोन-दोन सेकंदांनी पटापट जातात आणि मशीन लवकर जुळतं. ‘ड्रिफ्टफाइल’ची ओळ हवी. तुमचा स्फटिक किती वेगाने सरकतो हे क्रोनी शिकतो आणि तिथे लिहून ठेवतो, म्हणजे रीस्टार्टनंतर शून्यापासून शिकावं लागत नाही. ‘आरटीसीसिंक’ हवं. त्याने कर्नल दर ११ मिनिटांनी मदरबोर्डवरचं घड्याळही जुळवून ठेवतं. आणि ‘मेकस्टेप १.० ३’, ज्याचा अर्थ पुढे उडीच्या प्रश्नात येतो. बाकीचं तुमच्या वितरणाने दिलेलं असतं तसंच राहू द्या.

सेवा हिरवी दिसते. म्हणजे वेळ जुळली ना?

नाही! सेवा चालू असणं म्हणजे प्रोग्राम जिवंत आहे, एवढंच. फायरवॉलने सगळी पॅकेटं अडवली असली तरी सेवा हिरवीच दिसते.

‘क्रोनीसी सोर्सेस’ ही आज्ञा द्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीच्या दुसऱ्या खुणेकडे बघा. तारा असेल तर सध्या त्याच सर्व्हरला मुख्य धरलं आहे. अधिकचं चिन्ह म्हणजे तोही हिशोबात आहे. वजा म्हणजे चांगला आहे पण सध्या घेतलेला नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे संपर्क नाही किंवा अजून पुरेशी माहिती नाही. एक्स म्हणजे त्याची वेळ इतरांशी जुळत नाही, त्याला खोटा ठरवलं आहे. कुठेच तारा नसेल तर तुमचं घड्याळ मोकाट चाललं आहे.

मग ‘रीच’चा स्तंभ बघा. तिथला ३७७ हा आकडा पाहून लोक गोंधळतात. तो अष्टमान पद्धतीतला आहे, आणि शेवटच्या आठही विनंत्यांना उत्तर आलं असा त्याचा अर्थ. सुरू केल्यावर तो १, ३, ७, १७, ३७, ७७, १७७ असा चढत जातो. कधी ३७७ तर कधी ३५७ असं दिसत असेल तर मधली उत्तरं गळत आहेत. ० असेल तर थेट फायरवॉलकडे वळा.

सगळ्यात मोलाची आज्ञा ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’. तिच्यातल्या तीन ओळी घ्या: सिस्टिम टाइम (अजून मिटवायचा उरलेला फरक), रूट डिले (मूळ स्रोतापर्यंत येण्याजाण्याचा विलंब) आणि रूट डिस्पर्शन (वाटेत साचलेली अनिश्चितता). समजा त्या अनुक्रमे ०.०००२१, ०.०३२ आणि ०.००१८ सेकंद आहेत. पहिला आकडा, तिसरा आकडा आणि दुसऱ्याचा निम्मा अशी बेरीज करा: साधारण ०.०१८ सेकंद. वरचे स्रोत खरे असतील, तर या क्षणी तुमचं घड्याळ १८ मिलिसेकंदांहून जास्त चुकलेलं नाही. सुरुवातीला ज्या आकड्याचा आग्रह धरला तो हाच. प्रत्यक्ष चूक यापेक्षा बरीच कमी असते, पण कुणी विचारलं तर ठामपणे सांगता येतो तो हा.

देखरेखीच्या यंत्रणेत हीच बेरीज नोंदवा आणि तिच्यावर इशारा लावा. मर्यादा किती ठेवायची हे कामावरून ठरवा; साध्या वेब सर्व्हरला मी १०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करतो.

घड्याळ दहा मिनिटं मागे आहे. क्रोनी चालू आहे, तरी सुधारत का नाही?

घड्याळ सुधारायच्या दोन रीती आहेत. एक उडी: चुकीच्या वेळेवरून थेट बरोबर वेळेवर. दुसरी सरक: घड्याळ किंचित वेगाने किंवा सावकाश चालवून फरक हळूहळू मिटवणं. चालू सर्व्हरवर सरक चांगली, कारण तिच्यात वेळ कधीच उलटी जात नाही. उडी मागच्या दिशेने मारली तर तेच मिनिट दोनदा येतं. एखादं ठरलेलं काम दोनदा चालतं, लॉगमधला क्रम बिघडतो.

पण सरकेला वेळ लागतो. एनटीपीडी दहा लाखांत जास्तीत जास्त ५०० भागांनी घड्याळ सरकवतो. त्या गतीने एक सेकंद भरून काढायला २,००० सेकंद, म्हणजे ३३ मिनिटं लागतात. दहा मिनिटांचा फरक भरायला दोन आठवडे. म्हणून एनटीपीडी १२८ मिलिसेकंदांपेक्षा मोठा फरक काही मिनिटं टिकला की उडी मारतो, आणि फरक १,००० सेकंदांहून मोठा असेल तर काहीतरी भलतंच झालंय असं समजून चक्क बंद होतो.

क्रोनीत हे ‘मेकस्टेप १.० ३’ ने ठरतं: फरक एका सेकंदापेक्षा मोठा असेल तर उडी मार, पण फक्त पहिल्या तीन सुधारणांत, त्यानंतर नुसतं सरकव. तुमचं मशीन या पहिल्या टप्प्याच्या पुढे गेलेलं असेल, म्हणून ते अजून सरकतंय. घाई असेल तर डेटाबेस आणि ठरलेली कामं थांबवा, मग ‘क्रोनीसी मेकस्टेप’ द्या आणि सेवा पुन्हा चालू करा. थांबवल्याशिवाय मागे उडी मारू नका.

फायरवॉलमध्ये काय उघडायचं?

बाहेर जाणारं यूडीपी पोर्ट १२३ आणि त्याचं परत येणारं उत्तर. तुमचं मशीन इतरांना वेळ देत नसेल तर बाहेरून आत काहीही उघडायची गरज नाही. एनटीएस (एनटीपीचं सुरक्षित रूप) वापरत असाल तर बाहेर जाणारं टीसीपी पोर्ट ४४६० सुद्धा लागतं. काही नेटवर्कांवर नेहमीपेक्षा मोठी एनटीपी पॅकेटं अडवली जातात, तेव्हा साधं एनटीपी चालतं आणि एनटीएस अडकतं. हा प्रकार लक्षात असू द्या.

ऑफिसातल्या सगळ्या मशीनना थेट बाहेरचे सर्व्हर द्यावेत का?

मशीन दहा-वीसपेक्षा जास्त असतील तर नको. आत तीन-चार टाइम सर्व्हर उभे करा, तेवढ्यांनाच बाहेर जाऊ द्या आणि बाकी सगळे त्यांच्याकडून वेळ घेतील असं करा. बाहेरची जोडणी तुटली तरी आतली मशीन एकमेकांशी जुळलेली राहतात, आणि बहुतेक यंत्रणांना जगाशी जुळण्यापेक्षा हे आपसातलं जुळणं जास्त गरजेचं असतं. या सर्व्हरांचे पत्ते डीएचसीपीच्या (मशीनना आपोआप नेटवर्क सेटिंग देणाऱ्या सेवेच्या) ४२ क्रमांकाच्या पर्यायातून वाटता येतात.

विंडोजवर कसं करतात?

डोमेनमधल्या विंडोज मशीनच्या वेळेच्या सेटिंगला हात लावू नका. ती आपोआप डोमेन कंट्रोलरकडून (लॉगिन सांभाळणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरकडून) वेळ घेतात, कंट्रोलर पुढे पीडीसी एम्युलेटरची भूमिका असलेल्या कंट्रोलरकडून घेतात. बाहेरचे सर्व्हर फक्त मूळ डोमेनच्या त्या एका पीडीसी एम्युलेटरवर लिहायचे. ती भूमिका दुसऱ्या सर्व्हरवर हलवली की हे सेटिंगही हलवावं लागतं. ते राहून जातं आणि काही महिन्यांनी सगळं डोमेन एकदिलाने चुकीची वेळ दाखवू लागतं.

स्थिती बघायला ‘डब्ल्यू३२टीएम’ला क्वेरी आणि स्टेटस हे पर्याय द्या. त्यात ‘सोर्स’च्या पुढे ‘लोकल सीमॉस क्लॉक’ दिसलं तर मशीन बाहेरून वेळ घेतच नाही.

सेकंद बरोबर आहेत, पण तास चुकतो. एनटीपी बिघडलंय का?

एनटीपी फक्त यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, देतं. टाइम झोन आणि उन्हाळी वेळेचे नियम तुमच्या मशीनवर असतात. फरक पूर्ण तासाचा किंवा अर्ध्या तासाच्या पटीत असेल तर टाइम झोन तपासा आणि त्याच्या माहितीचं पॅकेज अद्ययावत करा. देश हे नियम बदलत असतात. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक कारण संभवतं: विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी धरतं. दोघांना एकाच रीतीवर आणा. माझा कौल यूटीसीला.

व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनरमध्ये काय करायचं?

कंटेनर म्हणजे यजमान मशीनवरच वेगळा ठेवून चालवलेला प्रोग्राम; त्याला स्वतःचं घड्याळ नसतं. तो यजमान मशीनचंच घड्याळ वापरतो, म्हणून यजमानाची वेळ जुळवा आणि कंटेनरमध्ये काहीही बसवू नका.

व्हर्च्युअल मशीनचं मात्र वेगळं आहे. ते थांबवून काही तासांनी पुन्हा चालू केलं, किंवा जुन्या स्नॅपशॉटवर परत नेलं, की घड्याळ तेवढंच मागे राहिलेलं असू शकतं. तोवर पहिल्या तीन सुधारणा होऊन गेलेल्या असतात, त्यामुळे क्रोनी उडी न मारता सरकवत बसतो. अशा मशीनवर ‘मेकस्टेप’चा दुसरा आकडा उणे १ ठेवा, म्हणजे मर्यादा निघते. केव्हीएम या लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सोयीत पीटीपी-केव्हीएम हे मॉड्यूल चालू केलं तर पाहुण्या मशीनला यजमानाचं घड्याळ थेट वाचता येतं आणि नेटवर्कचा विलंबच मध्ये राहत नाही. आणि हायपरवायझरची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामची) वेळ जुळवणारी सोय आणि आतला क्रोनी, दोन्ही एकदम घड्याळ हलवत नाहीत ना, हे बघा.

इंटरनेटच नसलेल्या नेटवर्कमध्ये?

छपरावर अँटेना लावता येत असेल तर जीपीएस रिसीव्हर घ्या, आणि त्यातला दर सेकंदाला ठोका देणारा संकेत नक्की जोडा. रिसीव्हर सिरियल जोडणीवरून जी वेळ वाचून दाखवतो ती मिलिसेकंदांनी मागेपुढे होते. ठोका मात्र मायक्रोसेकंदाच्या आत असतो. अँटेना शक्य नसेल तर एका मशीनला प्रमुख करा, क्रोनीत ‘लोकल स्ट्रॅटम १०’ लिहा आणि बाकी सगळे त्याच्याशी जुळवा. मग वेळ जगाशी जुळणार नाही, पण आपसात जुळेल.

बटनसेलचं घड्याळ नसलेल्या छोट्या बोर्डांवर एक अडचण येते. मशीन जुन्या तारखेने सुरू होतं, त्यामुळे प्रमाणपत्रं आणि डीएनएससेकची (सर्व्हरच्या नावावरून मिळालेला पत्ता खरा आहे का याची) तपासणी नापास होते, सर्व्हरचं नाव उलगडत नाही, आणि म्हणून वेळही मिळत नाही. अशा वेळी निदान एक सर्व्हर नावाऐवजी आयपी पत्त्याने लिहून ठेवा.

कुणी मला मुद्दाम खोटी वेळ देऊ शकतं का?

साध्या एनटीपीत, हो. पॅकेटवर सही नसते, त्यामुळे मध्ये बसलेला माणूस आकडे बदलू शकतो. घड्याळ मागे नेलं की मुदत संपलेली प्रमाणपत्रं पुन्हा वैध दिसतात. यावर २०२० मध्ये प्रमाणित झालेलं एनटीएस वापरा. क्रोनीत चौथ्या आवृत्तीपासून आहे, आणि सर्व्हर ते देत असेल तर ओळीपुढे ‘एनटीएस’ लिहिणं पुरतं. एनटीपीची ऑटोकी ही जुनी सुरक्षा-सोय वापरू नका, ते सुरक्षित नाही. एनटीएसलाही मर्यादा आहे: कुणी पॅकेट न बदलता फक्त एका दिशेने रोखून धरलं, तर सही खरीच राहते आणि वेळ चुकते. त्यावर पुन्हा वेगवेगळ्या वाटांवरचे अनेक स्रोत, हाच उपाय.

उलटा धोकाही आहे. जुन्या एनटीपीडीत ‘मॉनलिस्ट’ नावाची आज्ञा होती. छोट्या विनंतीला ती भलं मोठं उत्तर देई. खोटा परतीचा पत्ता टाकून त्या उत्तरांचा मारा दुसऱ्यावर वळवणारे हल्ले २०१३-१४ मध्ये जोरात होते. जुनं राउटर किंवा कॅमेरा बाहेरच्या एनटीपी विनंत्यांना उत्तर देत असेल, तर ते आजच बंद करा.

लीप सेकंदाची तयारी ठेवायची का?

लीप सेकंद म्हणजे घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळावं म्हणून घातलेला जादा सेकंद. १९७२ पासून असे २७ घातले गेले, शेवटचा २०१६ च्या ३१ डिसेंबरला. २०२२ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं की २०३५ पर्यंत ही पद्धत बदलायची. म्हणजे घाई नाही, पण एक नियम आजही पाळायचा. काही सर्व्हर, उदाहरणार्थ गूगलची सार्वजनिक सेवा, तो जादा सेकंद २४ तासांत पसरवून देतात; बाकीचे एकदम घालतात. या दोन प्रकारांची एकाच फाइलमध्ये भेसळ केली तर त्या दिवशी तुमचे स्रोत अर्ध्या सेकंदापर्यंत भांडतील.

पीटीपी कधी लागतं?

पीटीपी हा वेळ जुळवण्याचा एनटीपीपेक्षा बारीक प्रोटोकॉल. तो लागतो मायक्रोसेकंदापेक्षा बारीक अचूकता हवी असेल तेव्हा: मोबाइल टॉवर, वीजजाळ्यातली मोजणी, शेअर बाजाराचे व्यवहार. त्यासाठी नेटवर्क कार्डाने आणि स्विचनेही पॅकेटवर वेळेचा शिक्का मारावा लागतो. साधारण ऑफिसात त्याची गरज नाही.

२०३६ आणि २०३८ चं काय प्रकरण आहे?

एनटीपी १ जानेवारी १९०० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतं. ती जागा ७ फेब्रुवारी २०३६ ला भरते आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. नीट लिहिलेले प्रोग्राम स्वतःच्या अंदाजे वेळेवरून कोणतं युग चालू आहे हे ओळखतात. १९ जानेवारी २०३८ ला १९७० पासून मोजणारा जुना ३२ बिटांचा युनिक्स आकडा भरतो. सर्व्हर तोवर बदललेले असतील. भिंतीत बसवलेली, कुणी अपडेट न करणारी उपकरणं असतीलच असं नाही. खरेदी करताना हा प्रश्न विक्रेत्याला आत्ताच विचारा.

मी प्रोग्राम लिहितो. माझ्याकडून काय अपेक्षित आहे?

किती वेळ लागला हे मोजायला भिंतीवरच्या वेळेची वजाबाकी करू नका. मोनोटॉनिक घड्याळ वापरा. ते उडी मारत नाही आणि मागे जात नाही. नोंदी यूटीसीत साठवा. आणि दोन वेगळ्या मशीनवरच्या घटनांचा क्रम फक्त शिक्क्यांवरून ठरवायचा असेल, तर दोघांच्या कमाल चुकांच्या बेरजेपेक्षा जवळच्या घटनांचा क्रम तुम्हाला माहीत नाही असं धरून चाला.

वेळ आता जुळली, पण मागचे काही दिवसांचे लॉग चुकीच्या वेळेचे आहेत. त्यांचं काय करू?

मूळ फाइलला हात लावू नका. आधी घड्याळ कधी आणि कितीने उडालं हे शोधा. क्रोनी आणि एनटीपीडी दोघेही उडी मारली की सिस्टिम लॉगमध्ये सेकंदांसह नोंद करतात. मग त्या चुकीच्या काळातली अशी घटना शोधा जी दुसऱ्या, जुळलेल्या मशीनवरही नोंदली गेली आहे: एखादी डेटाबेस जोडणी, एखादी ईमेल. दोन शिक्क्यांतला फरक म्हणजे त्या क्षणाची चूक. अशा दोन घटना, एक काळाच्या सुरुवातीची आणि एक शेवटची, मिळाल्या तर मधली चूक बहुधा सरळ रेषेत वाढलेली असते आणि कोणत्याही नोंदीची खरी वेळ काढता येते. मशीन मध्येच रीस्टार्ट झालं असेल तर प्रत्येक तुकड्याचा हिशोब वेगळा करा. दुरुस्त वेळ नव्या स्तंभात लिहा आणि कोणत्या दोन घटनांवरून ती काढली हे त्याच फाइलच्या वर नोंदवून ठेवा.